उद्देशाचा रकाना

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

आकाशवाणीतून फोन आला की मी आधी कॅलेंडर बघतो. ईद जवळ आली असेल तर प्रश्नच नसतो. कविता वाचायला बोलावणं आहे, हे ठरलेलं. या वेळी मात्र ईद होऊन गेली होती. पलीकडून अधिकारी म्हणाले, "तरुण उद्योजकांवर बोलायचंय. स्टार्टअप काढणाऱ्यांकडून आपण काय शिकावं, असा विषय आहे." मी म्हटलं, "साहेब, मी कवी माणूस. आयुष्यात एकच उद्योग केला, एक अनियतकालिक काढलं. ते पाच अंकांत बंद पडलं आणि छापखान्याचं बिल मी दोन वर्षं हप्त्याहप्त्यानं फेडलं." ते हसून म्हणाले, "म्हणजे अनुभव आहे की!"

मी होकार दिला तो मात्र दुसऱ्याच कारणासाठी. त्या दिवसांत माझा भाचा आमच्या घरी राहायला आला होता. इंजिनीअर झालेला, सव्वीस वर्षांचा मुलगा. पुण्यात दोन मित्रांबरोबर त्यानं कंपनी काढली होती. छोट्या शेतकऱ्यांचा भाजीपाला एकत्र करून एकाच टेम्पोतून मार्केट यार्डात पोचवायचा आणि हे सगळं मोबाइलवरून जुळवायचं, अशी कल्पना. कल्पना चांगली होती. कंपनी दोन वर्षं चालली आणि बंद पडली. मुलगा मिरजेला परत आला तो थेट आमच्या माळ्यावरच्या खोलीत जाऊन बसला. स्वतःच्या घरी जाईना, कारण आईसमोर उभं राहायची हिंमत नव्हती. आईनं म्हणजे माझ्या आपानं आपल्या बांगड्या गहाण ठेवून त्याला पैसे दिले होते. आपाचा मला फोन आला. "तू रेडिओपर बोलताय ना, जरा इसके साथ बी बोल."

मित्रहो, रेडिओवर बोलणं सोपं असतं. समोर मायक्रोफोन असतो आणि तो उलट प्रश्न विचारत नाही. भाच्याशी काय बोलायचं, हे मला कळेना. 'हरू नकोस' म्हणावं, तर हरलेला तो होता, मी नव्हतो. म्हणून मी काही दिवस वाचत बसलो. उद्योग काढणाऱ्या माणसांच्या हकिगती वाचल्या. जे हाती लागलं, ते आज तुमच्यापुढे ठेवतो.

आधी स्टार्टअप म्हणजे काय, ते समजून घेऊ. किराणा दुकान काढणाऱ्याला माहीत असतं की लोकांना साखर लागते, चहा लागतो. प्रश्न एवढाच असतो की ते ह्या दुकानातून घेतील की शेजारच्या. स्टार्टअप काढणाऱ्याला ही वस्तू कोणाला हवी आहे की नाही, हेच ठाऊक नसतं. ते शोधण्यासाठीच त्याची धडपड असते आणि तो शोध लागेपर्यंत खर्च चालू असतो. हा खर्च बहुधा दुसऱ्याच्या पैशातून होतो. आता 'रनवे' हा शब्द ऐका. विमान उडायच्या आधी ज्या पट्टीवर धावतं, तो रनवे. कंपनीकडे चोवीस लाख रुपये असतील आणि दर महिन्याचा खर्च तीन लाख असेल, तर रनवे आठ महिन्यांचा. आठ महिन्यांत उडायचं, नाहीतर पट्टी संपते.

पैसे घालणाऱ्याचं गणित वेगळं असतं. तो दहा ठिकाणी पैसे घालतो. त्यातल्या बऱ्याच कंपन्या बुडणार, हे त्यानं आधीच धरलेलं असतं. एखादी कंपनी एवढी मोठी होते की तिच्यातून बाकीच्यांचा तोटा भरून निघतो. त्याच्या हिशेबात बुडणं ही सरासरीतली एक ओळ आहे. पण कंपनी काढणाऱ्या मुलाकडे दहा आयुष्यं नसतात. त्याच्याकडे एकच असतं आणि त्याला आईच्या बांगड्या जोडलेल्या असतात. आपल्या सरकारनं जानेवारी २०१६ मध्ये 'स्टार्टअप इंडिया' योजना सुरू केली, तेव्हापासून हा शब्द तालुक्याच्या गावापर्यंत पोचला. शब्द पोचला, पण दोघांच्या गणितातला हा फरक पोचला नाही.

मी बी.ए. झालो तो मराठी घेऊन. पोटासाठी मात्र एका सहकारी बँकेत चिकटलो आणि बरीच वर्षं कर्जखात्याच्या टेबलावर काढली. कर्जाच्या अर्जात एक रकाना असतो, 'कर्जाचा उद्देश'. शंभरातले नव्वद लोक तिथं 'व्यवसायवाढ' असं लिहितात. कोणीतरी सांगितलेलं असतं, तसं लिहितात. एकदा एका बाईंनी शिलाई मशीनसाठी अर्ज केला होता. उद्देशाच्या रकान्यात लिहिलं होतं, 'वस्तीतल्या मुलींना शाळेचा ड्रेस शिवून घ्यायला दोन मैल जावं लागतं म्हणून'. साहेबांनी तो खोडून 'व्यवसायवाढ' लिहायला लावलं. मी ते लिहिलं, पण खोडलेलं वाक्य लक्षात राहिलं. पुढं त्या वस्तीत तयार कपड्यांचं दुकान आलं आणि ड्रेस शिवून घेणं कमी झालं. बाईंनी त्याच मशीनवर कपडे अल्टर करायला सुरुवात केली. तयार ड्रेस कुठल्या मुलीला नेमका बसतो? मशीन तेच, वस्ती तीच, काम बदललं. हप्ता चुकला नाही.

हा रकाना डोक्यात ठेवूनच मी ह्या सगळ्या हकिगती वाचत गेलो.

मिरजेहून पुण्याकडे रेल्वेनं निघालं की सांगली, नांद्रे, भिलवडी मागे पडतात आणि किर्लोस्करवाडी येते. लहानपणापासून मी हे स्टेशन पाहत आलो आहे. माणसाच्या आडनावाचं स्टेशन म्हणजे तो माणूस जन्मतःच मोठा असणार, असं मला तेव्हा वाटायचं. लक्ष्मणराव किर्लोस्करांची गोष्ट नीट वाचली, तेव्हा कळलं की त्या स्टेशनापर्यंत पोचण्याआधी ह्या माणसाच्या हातून किती गोष्टी निसटल्या होत्या.

लक्ष्मणरावांचा जन्म १८६९ चा. त्यांना चित्रकार व्हायचं होतं, म्हणून ते मुंबईला जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये गेले. तिथं लक्षात आलं की काही रंगांतला फरक त्यांच्या डोळ्यांना कळत नाही. चित्रकाराला ह्याहून मोठा धक्का कुठला? रंग गेले, पण रेघ राहिली. ते यंत्रांच्या आराखड्यांचं ड्रॉइंग शिकले आणि मुंबईच्या व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये शिकवू लागले. तिथं बढतीची वेळ आली, तेव्हा त्यांना डावलून एका अँग्लो-इंडियन माणसाला जागा दिली गेली. त्यांनी नोकरी सोडली आणि बेळगाव गाठलं. तिथं भाऊ रामुअण्णांबरोबर १८८८ पासूनचं सायकलचं दुकान होतं. सायकलीनंतर जनावरांसाठी कडबाकुट्टीचं यंत्र आलं आणि मग १९०३ च्या सुमारास लोखंडी नांगर.

हा नांगर कोणी घेईना. लोखंडानं जमीन विषारी होते, अशी शेतकऱ्यांची समजूत होती. पहिला नांगर विकला जायला दोन वर्षं लागली, असं सांगतात. आज आपण ह्या समजुतीला हसतो, पण मला त्या शेतकऱ्याचा राग येत नाही. लाकडी नांगर मोडला, तर गावातला सुतार तो संध्याकाळपर्यंत दुरुस्त करून देणार. लोखंडी नांगराचा फाळ ऐन हंगामात तुटला, तर कोणाकडे जायचं? त्याचं सगळं वर्ष त्या आठवड्यावर अवलंबून असतं. नव्या वस्तूला नाही म्हणणारं गिऱ्हाईक मूर्ख नसतं. त्याची जोखीम विकणाऱ्याच्या जोखमीपेक्षा मोठी असते. भाच्याला मी पुढं हीच गोष्ट सांगितली, तेव्हा तो पहिल्यांदा मान वर करून माझ्याकडे बघू लागला.

त्या दोन वर्षांत लक्ष्मणराव कसे टिकले? चिकाटीनं, असं आपण पटकन म्हणतो. पण नुसत्या चिकाटीनं पगार होत नाहीत. नांगराच्या आधी कडबाकुट्टी होती, तिच्या आधी सायकली होत्या. सगळं घर एका नांगरावर टांगलेलं नव्हतं. धीर धरायला पायाखाली थोडी जमीन लागते.

आणि मग पायाखालची जमीनच गेली, तीही अक्षरशः. बेळगाव नगरपालिकेला कारखान्याची जागा हवी होती, त्यामुळे कारखाना हलवावा लागला. औंधचे राजे बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी कुंडल रोड स्टेशनजवळ जागा देऊ केली आणि कर्जही दिलं. जागा बत्तीस एकर, पण निवडुंगानं भरलेला, सापांचा माळ. १९१० मध्ये पंचवीसएक कामगार आणि त्यांची कुटुंबं घेऊन लक्ष्मणराव तिथं आले. तीच आजची किर्लोस्करवाडी. शिक्षा भोगून आलेल्या आणि गावानं टाकलेल्या माणसांनाही तिथं राखणदारीचं काम मिळालं. १९२० मध्ये तिथून मासिक निघालं आणि पुढं १९३० मध्ये खास स्त्रियांसाठी 'स्त्री'. नांगराच्या कारखान्यातून मराठी वाचकांची एक पिढी तयार झाली, हे मला कवी म्हणून सांगायलाच हवं.

आता हिशेब मांडा. चित्रकला सुटली, नोकरी सुटली, सायकलीचा धंदा मागे पडला, बेळगाव सुटलं. सुटलेल्या गोष्टींचीच यादी मोठी आहे. टिकलं काय? आपल्याकडच्या माणसाला उपयोगी पडेल असं यंत्र आपल्याच हातांनी बनवायचं, एवढी एक गोष्ट टिकली. उद्देशाचा रकाना एकच राहिला आणि बाकीचे सगळे रकाने खोडून पुन्हा लिहिले गेले.

दुसरी गोष्ट मुंबईतल्या गिरगावची. १५ मार्च १९५९ ला लोहाणा निवास नावाच्या इमारतीच्या गच्चीवर सात गुजराती बायका पापड लाटायला बसल्या. जसवंतीबेन पोपट त्यांच्यातल्या एक. छगनलाल करमशी पारेख ह्या समाजसेवकांकडून त्यांनी ८० रुपये उसने घेतले होते. पहिल्या दिवशी चार पाकिटं झाली आणि ती भुलेश्वरच्या एका व्यापाऱ्यानं घेतली. ह्यातूनच पुढं 'लिज्जत' उभं राहिलं, हे तुम्हाला माहीत आहे. लग्नाच्या पंगतीत आपण तो पापड मोडतो. मी सांगणार आहे ते त्यांच्या पहिल्या पावसाळ्याबद्दल.

पापड उन्हात वाळतो आणि मुंबईच्या पावसाळ्यात ऊन नसतं. ही साधी गोष्ट सात सुगरणींना माहीत नव्हती, असं नाही. पण घरापुरते पापड उन्हाळ्यात लाटून डब्यात भरतात. धंदा बारा महिने चालावा लागतो. पहिल्या वर्षी चार महिने काम बंद ठेवावं लागलं. पुढच्या वर्षी त्यांनी एक खाट आणली आणि एक स्टोव्ह. पापड खाटेवर पसरायचे आणि खाली स्टोव्ह पेटवायचा. झालं! एवढ्यावर पावसाळ्याचा प्रश्न सुटला. पहिल्या वर्षाची सगळी विक्री होती ६,१९६ रुपये.

त्यांनी दोन नियम सुरुवातीलाच धरले. एक, तोटा झाला तरी कोणाकडून देणगी घ्यायची नाही. दोन, मालाचा दर्जा उतरू द्यायचा नाही. आधी त्या दोन प्रतींचे पापड करत होत्या, एक चांगल्या प्रतीचा आणि एक हलका, स्वस्त. पारेखांनी सांगितलं, एकच चांगला करा आणि हिशेब चोख ठेवा. त्यांनी ते ऐकलं. पुढं पद्धत अशी बसली की सकाळी केंद्रावरून भिजवलेलं पीठ घरी न्यायचं, घरी पापड लाटायचे, वाळवायचे, दुसऱ्या दिवशी आणून द्यायचे आणि लाटणावळ घ्यायची. लाटणारी प्रत्येक बहीण ही मालकीण, आणि नफा जसा सगळ्यांचा तसाच तोटाही सगळ्यांचा. ह्या सात बायकांना पापडाचा शोध लावायचा नव्हता. शिक्षण कमी, घराबाहेर पडायची मुभा कमी, अशा बाईच्या हातात तिच्या घरच्या कामाचे पैसे यावेत, हा त्यांचा उद्देश. ह्या उद्देशानं चालणारा उद्योग कारखाना टाकून यंत्रावर पापड लाटू शकला नसता. तसं केलं असतं, तर पापड उरला असता आणि बाई गेली असती. उद्देश स्पष्ट असला की काय करायचं नाही, हेही कळतं.

तिसरी गोष्ट मदुराईची, थोडक्यात सांगतो. गोविंदप्पा वेंकटस्वामी नावाच्या तरुण डॉक्टरला बाळंतपणाचं शास्त्र शिकायचं होतं, कारण नात्यातल्या मुली बाळंतपणात दगावलेल्या त्यांनी पाहिल्या होत्या. ऐन तिशीत संधिवातानं त्यांना गाठलं. ते अनेक महिने अंथरुणावर होते आणि उठले तेव्हा हातांची बोटं वाकडी झाली होती. बाळंतपणाचं काम त्या हातांनी होण्यासारखं नव्हतं. ते डोळ्यांच्या शाखेकडे वळले आणि वाकड्या बोटांत शस्त्र धरायचा सराव करून मोतीबिंदूच्या शस्त्रक्रिया करू लागले. त्यांनी स्वतः केलेल्या शस्त्रक्रियांचा आकडा लाखाच्या वर जातो. १९७६ मध्ये, अठ्ठावन्नाव्या वर्षी, सरकारी नोकरीतून निवृत्त झाल्यावर त्यांनी भावंडांना हाताशी धरून अकरा खाटांचं 'अरविंद' नेत्र रुग्णालय काढलं. ज्यांना शक्य आहे त्यांनी पैसे द्यायचे आणि त्यातून गरिबाची शस्त्रक्रिया फुकट किंवा नाममात्र पैशांत करायची. डोळ्यात बसवायचं आयातीचं भिंग गरिबाला परवडेना, तेव्हा १९९२ मध्ये संस्थेनं भिंगं बनवणारा स्वतःचा कारखानाच काढला. ज्या वयात आपण पेन्शनच्या कागदांसाठी झेरॉक्सच्या दुकानात उभे असतो, त्या वयात ह्या माणसानं सुरुवात केली. पण तो पुन्हा पहिल्यापासून सुरू करत नव्हता. वाचवता येण्यासारख्या माणसाचं नुकसान होऊ द्यायचं नाही, हे त्याचं काम तिशीपासून चालूच होतं.

इथं मला थांबून एक कबुली द्यायला हवी. ह्या तिन्ही गोष्टी जिंकलेल्यांच्या आहेत. ज्यांचा नांगर तिसऱ्या वर्षीही विकला गेला नाही, त्यांच्या नावाचं स्टेशन नसतं आणि त्यांच्यावर पुस्तकही निघत नाही. ज्यांनी तेवढीच चिकाटी धरली आणि तरीही जे बुडाले, अशी माणसं मी कर्जखात्यात पाहिली आहेत. त्यांच्यात काही खोट नव्हती. पाऊस आला नाही, पूल वाहून गेला, भागीदार आजारी पडला. म्हणून 'चिकाटी धरा, यश येतंच' असं सांगणाऱ्यावर माझा विश्वास नाही. ते खरं नसतं, आणि ते ऐकून बुडालेल्या माणसाला वाटतं, आपलीच चिकाटी कमी पडली.

उलट चिकाटी माणसाला फसवूही शकते. अमेरिकेतल्या एलिझाबेथ होम्स ह्या मुलीनं २००३ मध्ये, वयाच्या एकोणिसाव्या वर्षी, 'थेरानोस' नावाची कंपनी काढली. बोटातून घेतलेल्या रक्ताच्या काही थेंबांत भरपूर तपासण्या करायच्या, हा उद्देश. ह्याहून चांगला उद्देश कुठला असेल? यंत्र मात्र तसं काम करेना. बऱ्याच तपासण्या दुसऱ्या कंपन्यांच्या नेहमीच्या यंत्रांवर होत होत्या आणि बाहेर सांगितलं जात होतं, आमचं यंत्र उत्तम चालतं. जानेवारी २०२२ मध्ये न्यायालयात गुंतवणूकदारांची फसवणूक सिद्ध झाली आणि त्याच वर्षी तिला अकरा वर्षांहून जास्त तुरुंगवासाची शिक्षा झाली. एवढी वर्षं ती मागं हटली नव्हती, म्हणजे चिकाटी तिच्याकडेही होती. उद्देश मोठा आहे, म्हणून आज थोडं खोटं चालेल, असं एकदा मनात आलं की पुढं त्या उद्देशाच्या रकान्यात नुसती शाई उरते.

आणि बंद करणं हे नेहमी हरणं असतं, असंही नाही. स्ट्युअर्ट बटरफील्ड ह्यांच्या कंपनीनं 'ग्लिच' नावाचा इंटरनेटवरचा खेळ काढला होता. खेळणारे जीव लावून खेळत, पण त्यांची संख्या पुरेशी नव्हती. २०१२ च्या अखेरीस, तिजोरीत काही पैसे शिल्लक असतानाच, त्यांनी खेळ बंद करायचा निर्णय घेतला. खेळणाऱ्यांना भरलेले पैसे परत मागायची सोय करून दिली. नोकरी जाणाऱ्या सहकाऱ्यांची माहिती आपल्याच संकेतस्थळावर टाकून त्यांना कामं मिळवून द्यायची खटपट केली. ह्या लोकांनी आपसात निरोप देण्याघेण्यासाठी एक साधन तयार केलं होतं. उरलेल्या थोड्या माणसांनी तेच नीट केलं आणि त्यातून 'स्लॅक' झालं. २०२१ मध्ये सेल्सफोर्स कंपनीनं ते सुमारे २,७७० कोटी डॉलरना घेतलं. आकडा ऐकून डोळे विस्फारतात, पण तो आकडा बाजूला ठेवा. बटरफील्ड ह्यांनी स्लॅक काढलं नसतं, तरी खेळ बंद करताना ते जसे वागले तेवढं माझ्या दृष्टीनं पुरेसं होतं. पैसे शिल्लक असताना बंद केलं म्हणून माणसांची देणी देता आली. पट्टी संपेपर्यंत धावले असते, तर ते जमलं नसतं.

हे वाचत असताना एका रात्री मी माळ्यावर गेलो. भाचा जागाच होता. मी त्याला लक्ष्मणरावांच्या गिऱ्हाइकांबद्दल सांगितलं, ते मघाशी आलंच. तो म्हणाला, "मामू, आमचे शेतकरी नाही म्हणाले नव्हते. पहिल्या खेपेला टेम्पो आमच्याकडून घेतला. दुसऱ्या खेपेला त्यांनी ड्रायव्हरला थेट फोन केला. आमची गरजच उरली नाही." मी हसलो नाही, पण मनात म्हटलं, शेतकरीही बरोबर आणि ड्रायव्हरही बरोबर. दोन माणसांची गाठ घालून देणाऱ्याला पहिल्या भेटीनंतर कोणी विचारत नाही. लग्न जमवणाऱ्याचंही असंच असतं. दुसऱ्या खेपेलाही त्यांना तुझ्याकडे यावंसं वाटेल, असं तू काय देत होतास? त्यानं बराच वेळ विचार केला आणि म्हणाला, "काही नाही." दोन वर्षांत त्यानं स्वतःला दिलेलं हे पहिलं खरं उत्तर असावं.

मग मी बँकेतल्या सवयीनं एक कोरा कागद घेतला. त्यावर दोनच रकाने आखले. एकात उद्देश, दुसऱ्यात देणी. देण्यांच्या रकान्यात आधी आपाच्या बांगड्या आल्या. मग तो अडखळला. हाताखाली काम करणाऱ्या दोन मुलांचा दोन-दोन महिन्यांचा पगार राहिला होता. पुढचा हप्ता येईल, ह्या आशेवर त्यानं त्यांना थांबवून ठेवलं होतं आणि हप्ता आला नाही. आपण समजत होतो, हा आईला तोंड दाखवायला घाबरतो. तो खरा घाबरत होता त्या दोन मुलांना. त्यांचे फोन तो उचलत नव्हता.

मी म्हटलं, "उद्या सकाळी आधी त्यांना फोन कर. पैसे नाहीत असं सांग, पण फोन कर." त्यानं केला. मी शेजारी बसलो होतो. एक मुलगा चिडला आणि वाटेल ते बोलला. दुसऱ्यानं विचारलं, "दादा, तुम्ही बरे आहात ना?" ह्या प्रश्नावर भाचा रडला. अनियतकालिक बंद पडल्यावर छापखान्याच्या दारावरून जायचं टाळण्यासाठी मी दोन गल्ल्या फिरून घरी जायचो, ते मला आठवलं. एक दिवस मालकांनीच हाक मारली, चहा पाजला आणि हप्ता ठरवून दिला. त्या दिवसापासून मला पुन्हा झोप लागायला लागली.

उद्देशाच्या रकान्यात भाच्यानं आधी इंग्रजीत काहीतरी मोठं लिहिलं होतं. ते त्यानंच खोडलं आणि लिहिलं, 'लहान शेतकऱ्याचा माल वाटेत नासू नये'. मी म्हटलं, आता बघ, ह्यात मोबाइल कुठं आहे? टेम्पो कुठं आहे? तुझी कंपनी तरी कुठं आहे? हे काम करायला तुझी स्वतःची कंपनीच पाहिजे, असंही कुठं लिहिलेलं नाही.

सध्या तो आमच्याच भागातल्या एका शेतकरी उत्पादक कंपनीत नोकरी करतो. माल कधी निघाला, कधी पोचला, किती फेकावा लागला, ह्याच्या नोंदी ठेवतो. पगार पुण्यातल्यापेक्षा बराच कमी आहे. त्या दोन मुलांपैकी एकाचे पैसे पूर्ण फिटले, दुसऱ्याचे निम्मे राहिलेत. आपाच्या बांगड्या अजून सुटायच्या आहेत. दर महिन्याला पावती आणून तो आईच्या हातात देतो, आणि आपा ती न वाचता कपाटात ठेवते. तो पुन्हा स्वतःचं काही सुरू करेल का, मला माहीत नाही. त्यालाही माहीत नाही. परवा जेवताना म्हणाला, "मामू, टोमॅटो सगळ्यात जास्त नासतो तो रस्त्यात नाही, बांधावर नासतो. टेम्पोची वाट बघत उन्हात पडून असतो तेव्हा. दोन वर्षं आम्ही रस्ताच बघत बसलो." हे सांगताना त्याचा घास हातातच राहिला होता.

मित्रहो, ऐकणाऱ्यांत कोणी तरुण असेल, ज्याचं काही नुकतंच बंद पडलं आहे आणि जो फोन उचलत नाही, त्याला माझं सांगणं एवढंच आहे. एक कागद घे आणि दोन रकाने आख. उद्देशाचा सावकाश भर, घाई नाही. देण्यांचा मात्र आज रात्रीच भर, आणि यादीतल्या पहिल्या माणसाला सकाळी फोन कर. आणि तुमच्या घरात असं कोणी माळ्यावर जाऊन बसलं असेल, तर त्याला किर्लोस्करांची गोष्ट सांगण्याआधी जेवायला खाली बोलवा. आम्ही त्याला पहिले चार दिवस ताट वरच नेऊन देत होतो. ती चूक आमची होती.